नव्या सुरांचे वाटेकरी

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा दोघांचीच दखल घेतात. एक संगीत निर्माण करणारा, आणि दुसरा त्यास आश्रय देणारा. राजे, सरदार, देवस्थानें, नाटकमंडळ्या आणि पुढें तबकड्यांच्या कंपन्या, ही आश्रयदात्यांची परंपरा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ह्या दोघांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो. तो गात नाहीं, वाजवीत नाहीं, आणि देणगी देण्याजोगें द्रव्यहि त्याच्या पदरीं नसतें. त्यानें कांहीं नवें ऐकलेलें असतें, तें त्याच्या मनांत भरलेलें असतें, आणि तें दुसऱ्यास ऐकविल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. इतिहासाच्या पानांत ह्या मनुष्याचें नांव क्वचितच आढळतें. तथापि ज्यास आजची तरुण मंडळी 'इलेक्ट्रॉनिक' व 'इंडी पॉप' म्हणतात, त्या विजेच्या वाद्यांवरील नव्या संगीताचा गेल्या पन्नास वर्षांचा वृत्तांत पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. हा तिसरा मनुष्य जेथें होता तेथें तें संगीत जगलें. जेथें नव्हता तेथें तें गुणवान् असूनहि धूळ खात पडलें. हें विधान इंग्लंड, शिकागो आणि मुंबई अशा तीन ठिकाणच्या हकीकतींवरून पडताळून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम वाद्याविषयीं. विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांपासून स्वर उत्पन्न करणारीं यंत्रें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच निघालीं होतीं. परंतु रॉबर्ट मूग ह्या अमेरिकन तंत्रज्ञानें १९६४ सालीं आपला सिंथेसायझर न्यूयॉर्क येथें लोकांपुढें मांडला, तेव्हांपासून ह्या वाद्याचें नवें युग सुरू झालें. आरंभीं तें वाद्य एखाद्या कपाटाएवढें असे, आणि किंमतीनें तें विद्यापीठांच्या किंवा श्रीमंत वादकांच्याच आवाक्यांतलें होतें. १९७० सालीं त्याची सुटसुटीत आवृत्ति, मिनिमूग, बाहेर आली. त्याच वर्षीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं राल्फ हटर व फ्लोरिआन श्नायडर ह्या दोघांनीं क्राफ्टवेर्क नांवाचा वाद्यवृंद स्थापिला. १९७४ सालच्या त्यांच्या 'ऑटोबान' ह्या रचनेनें असें दाखवून दिलें कीं, ह्या यंत्रांतून केवळ विचित्र आवाजच निघतात असें नव्हे, तर गुणगुणण्याजोगी चालहि निघते. पुढें जपानी कारखानदारांनीं एका वेळीं एकच स्वर काढणारीं स्वस्त वाद्यें बाजारांत आणलीं, आणि जुन्या बाजारांतून तीं मध्यम स्थितीच्या तरुणाच्या खोलींत येऊन पोहोंचलीं. वाद्य घरांत आलें. आतां प्रश्न उरला तो त्या घरांतला सूर बाहेर कसा जावा, हा.

त्या काळीं इंग्लंडांत तबकडी काढणें म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारांत उभें राहणें, अशीच सर्वांची समजूत होती. ही समजूत मँचेस्टरच्या बझकॉक्स ह्या मंडळींनीं मोडली. त्यांनीं सुमारें पांचशें पौंड उसने काढून 'स्पायरल स्क्रॅच' नांवाची चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. १९७७ च्या जानेवारींत तिच्या पहिल्या एक हजार प्रती निघाल्या. ह्या मंडळींचें संगीत विजेच्या यंत्रांचें नव्हतें, गिटारीचें होतें. परंतु तबकडी दाबून देणारा कारखाना पैसे मोजणाऱ्या कोणाचेंहि काम घेतो, कंपनीच्या परवान्याची त्यास गरज नाहीं, हा शोध सर्वांच्याच उपयोगी पडला. पुढल्याच वर्षीं स्क्रिटी पोलिटी नांवाच्या मंडळींनीं तर आपल्या तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणास किती, तबकडी दाबण्यास किती, छपाईस किती, असा खर्चाचा जमाखर्चच छापून टाकला. व्यापारी ज्या गोष्टी गुप्त ठेवितो त्या ह्यांनीं उघड केल्या. ऐकणाऱ्यास केवळ गाणें द्यावयाचें नसून गाणें काढण्याची विद्याहि द्यावयाची, असा त्यांचा भाव होता.

१९७८ सालीं हीच वाट विजेच्या संगीतासहि सांपडली. लंडनांत डॅनिएल मिलर ह्या तरुणानें एक जुना कॉर्ग सिंथेसायझर व चार पट्ट्यांचें ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन घरींच दोन गाणीं तयार केलीं. त्यांपैकीं एक जे. जी. बॅलर्ड ह्यांच्या 'क्रॅश' ह्या कादंबरीवरून सुचलेलें होतें. 'द नॉर्मल' हें टोपणनांव व 'म्यूट' हें संस्थेचें नांव, दोन्ही त्याचींच. तबकडीच्या पाठीमागें त्यानें घरचा पत्ता छापला होता. त्याचा परिणाम त्यालाहि अनपेक्षित असा झाला. ठिकठिकाणचे तरुण आपापल्या घरीं केलेल्या रचना कॅसेटवर भरून त्या पत्त्यावर पाठवूं लागले, आणि एका गाण्याकरितां काढलेली संस्था इतरांचीं गाणीं काढूं लागली. बॅझिल्डन गांवच्या डेपेश मोड ह्या चार पोरांचा १९८१ सालचा पहिला संग्रह ह्याच संस्थेनें प्रसिद्ध केला. त्याच सुमारास शेफील्ड येथील ह्यूमन लीग ह्या मंडळींची पहिली तबकडी एडिंबरोच्या फास्ट प्रॉडक्ट ह्या चिमुकल्या संस्थेनें १९७८ सालीं काढली होती. त्यांचा गायक रुग्णालयांत हमालाचें काम करून आलेला होता. तीन वर्षांनीं, मोठ्या कंपनीकडे गेल्यावर, हींच मंडळी ब्रिटनमधील विक्रीच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसली.

परंतु तबकडी निघाली म्हणजे ती ऐकली गेली असें होत नाहीं. येथें आपल्या तिसऱ्या मनुष्याचें कार्य सुरू होतें. १९७६ च्या फेब्रुवारींत जेफ ट्रॅव्हिस ह्यानें पश्चिम लंडनांत रफ ट्रेड नांवाचें तबकड्यांचें दुकान उघडलें. तेथें गिऱ्हाइकानें तासन् तास उभें राहून ऐकावें, कोणीं छापलेली घरगुती मासिकें चाळावींत, आणि दुकानदारानें एखादी नवी तबकडी आपण होऊन लावून दाखवावी, अशी रीत होती. मिलरचा विचार पांचशें प्रती काढण्याचा होता. त्या दुकानांतील मंडळींनीं गाणें ऐकून त्यास दोन हजार काढण्याचा सल्ला दिला, आणि वितरणाचा भारहि उचलला. पुढें यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉर्विच, एडिंबरो येथील अशाच दुकानदार-वितरकांची एक सांखळी बनली. ती 'कार्टेल' ह्या नांवानें ओळखली जात असे. ह्या सांखळीमुळें एका गांवच्या खोलींत झालेलें गाणें दुसऱ्या टोंकाच्या गांवीं पोहोंचूं लागलें.

१९८० च्या जानेवारींत ह्या तबकड्यांची निराळी साप्ताहिक यादी प्रसिद्ध होऊं लागली. तींत कोणास स्थान द्यावें ह्याची कसोटी मोठी अर्थपूर्ण होती. गाण्याचा ढंग कसा आहे, वाद्यें कोणतीं आहेत, ह्याचा विचारच नसे. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणांतून आलेली नसावी, एवढीच अट. म्हणजे 'इंडी' हा शब्द मूळचा संगीताच्या प्रकाराचा नव्हे. संगीत हातोहात कसें गेलें हें सांगणारा तो शब्द आहे. पुढें तो एका विशिष्ट ढंगाच्या गिटारीच्या गाण्यांस चिकटला आणि त्याचा मूळ अर्थ झांकला गेला. तो मूळ अर्थ ध्यानीं धरला तर ह्या सर्व चळवळीचें मर्म कळतें.

ह्या सांखळींतील सर्वांत प्रसिद्ध दुवा म्हणजे बी. बी. सी. च्या नभोवाणीवरील निवेदक जॉन पील. १९३९ सालीं जन्मलेला हा गृहस्थ १९६७ सालीं रेडिओ वन सुरू झाला तेव्हां तेथें आला, आणि २००४ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. त्याच्या घरीं अखेरीस सव्वीस हजारांच्या आसपास मोठ्या तबकड्या व चाळीस हजारांच्या आसपास लहान तबकड्या जमल्या होत्या. अनोळखी मुलांनीं टपालानें पाठविलेल्या तबकड्या व कॅसेटी तो ऐके, आणि आवडलें तें रात्रीं देशास ऐकवी. क्वचित् तबकडी भलत्याच गतीनें लावी आणि तसें कबूल करून पुन्हां लावी. ह्याखेरीज त्याच्या कार्यक्रमाकरितां वादकांस बी. बी. सी. च्या स्टुडिओंत बोलावून नवें ध्वनिमुद्रण करीत. ह्या प्रथेचें कारण गमतीचें आहे. वादकांचा रोजगार बुडूं नये म्हणून नभोवाणीनें दिवसांत किती वेळ तबकड्या वाजवाव्या ह्यावर करारानें मर्यादा घातलेली होती. उरलेला वेळ प्रत्यक्ष वादनानें भरावा लागे. वादकसंघाच्या हितासाठीं घातलेल्या बंधनाचा लाभ अशा रीतीनें ज्यांची एकहि तबकडी निघालेली नाहीं अशा पोरांस मिळाला. पीलच्या काळांत सुमारें दोन हजार वादक-मंडळींचीं चार हजारांहून अधिक अशीं ध्वनिमुद्रणें झालीं.

एका मनुष्याच्या आवडीचें बळ केवढें असतें ह्याचें एकच उदाहरण देतों. न्यूयॉर्कची कलावती लॉरी अँडरसन हिनें 'ओ सुपरमॅन' नांवाची आठ मिनिटांहून मोठी रचना केली. एका अक्षराची अखंड पुनरावृत्ति, आणि तिच्यावर यंत्रांतून पालटून आलेला मानवी आवाज, एवढाच तिचा संभार. एका लहान संस्थेनें तिच्या अवघ्या एक हजार प्रती काढल्या होत्या. पीलनें ती लंडनहून वारंवार ऐकविली, मागणी वाढत गेली, आणि १९८१ च्या ऑक्टोबरांत ती ब्रिटनच्या यादींत दुसऱ्या स्थानीं आली. बाजाराचा अंदाज बांधणाऱ्या कोणत्याहि शहाण्या व्यापाऱ्यानें अशा रचनेवर पैसा लावला नसता.

पीलसारखी नभोवाणी प्रत्येकाच्या हातीं नव्हती. परंतु फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट मात्र प्रत्येकाच्या हातीं होती. निरनिराळ्या तबकड्यांतून निवडलेलीं गाणीं एका कॅसेटवर विशिष्ट क्रमानें उतरावयाचीं, स्वतःच्या हस्ताक्षरांत यादी लिहावयाची, आणि ती मित्रास द्यावयाची, ही प्रथा लवकरच सर्वत्र रूढ झाली. १९८१ सालीं 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' ह्या साप्ताहिकानें रफ ट्रेडच्या सहकार्यानें 'सी एटीवन' नांवाची कॅसेट काढली. वाचकांनीं अंकांतील कुपनें कापून पाठवावीं आणि ती मागवावी, अशी योजना होती. छापील नियतकालिकानें मित्राची भूमिका पत्करली, असेंच तिचें वर्णन करावें लागेल.

येथें एक आक्षेप येतो, व तो योग्य आहे. त्याच १९८१ सालीं ब्रिटिश तबकडी-व्यावसायिकांच्या संघानें घरगुती नक्कल करणें म्हणजे संगीताचा घात होय, अशी मोहीम उघडली. तिचें चिन्ह कॅसेट व तिच्याखालीं हाडांची फुली, असें समुद्री चांच्यांच्या निशाणावरून घेतलेलें होतें. ज्यानें रचना केली त्याच्या पदरीं कांहींच न पडतां ती फुकट वांटली जावी, हें न्याय्य नाहीं. १९९९ सालीं नॅप्स्टर निघाल्यावर हाच वाद शतपट मोठा झाला, आणि न्यायालयाच्या आज्ञेनें ती व्यवस्था १९०१ नव्हे, २००१ सालीं बंद पडली, हेंहि सर्वश्रुत आहे. परंतु कोणाचें काय बुडतें हें पाहिलें पाहिजे. ज्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे त्याची विक्री नकलेनें घटूं शकते. ज्याचें नांव कोणासच ठाऊक नाहीं त्याचें बुडण्याजोगें काय आहे? त्याचा खरा शत्रु चोर नव्हे, अज्ञातवास होय. ह्या अज्ञातवासाची किंमत किती भारी पडते, हें आतां आपल्याच एका शहराच्या उदाहरणावरून दिसेल.

जपानच्या रोलंड कंपनीनें १९८० च्या सुमारास दोन यंत्रें बाजारांत आणलीं. एक टी-आर ८०८ हें तालयंत्र, आणि दुसरें टी-बी ३०३. एकट्या गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी एवढ्याच हेतूनें हें दुसरें यंत्र बनविलें होतें. त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा येत नसे, आणि तें चालविणेंहि किचकट होतें. त्यामुळें १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें, आणि तें जुन्या बाजारांत कवडीमोल झालें. शिकागो येथील फ्यूचर नांवाच्या तरुणांच्या मंडळीनें असेंच एक यंत्र घेतलें, त्याच्या कळा फिरवितां फिरवितां त्यांतून चिरकणारा, वळवळणारा एक अपूर्व आवाज काढला, आणि त्याची टेप रॉन हार्डी ह्या नृत्यगृहांतील तबकडी-वादकाच्या हातीं दिली. पहिल्या खेपेस लोक नाचण्याची जागा सोडून निघून गेले, असें त्या मंडळींनींच सांगून ठेवलें आहे. हार्डीनें त्याच रात्रीं ती पुन्हां लावली, मग पुन्हां लावली. चौथ्या खेपेस तेच लोक बेभान होऊन नाचूं लागले. ही रचना १९८७ सालीं तबकडीवर आली, आणि 'ॲसिड हाऊस' नांवाचा एक संप्रदायच तिच्यापासून सुरू झाला.

परंतु ह्याच्याहि पूर्वीं, १९८२ सालीं, हींच दोन यंत्रें मुंबईंत वाजलीं होतीं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील एक नाणावलेले वादक. सिंगापूरहून आणलेल्या टी-आर ८०८, टी-बी ३०३ व ज्युपिटर-८ ह्या तीन यंत्रांवर त्यांनीं दहा राग बसविले: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. खालीं यंत्राचा अखंड समान ठेका, आणि वर रागाची बढत. रागाच्या आरोहावरोहाकरितां टी-बी ३०३ च्या घसरत्या स्वरांचा त्यांनीं केलेला उपयोग पाहिला, म्हणजे त्या यंत्राच्या निर्मात्यांस जें दिसलें नाहीं तें ह्या वादकास मींडेच्या संस्कारामुळें दिसलें असावें, असें वाटतें. एच. एम. व्ही. नें ती तबकडी काढली. ती फारशी खपली नाहीं, आणि विस्मृतींत गेली.

हें असें कां झालें? वाद्य मुंबईंत होतें, वादक होता, स्टुडिओ होता, देशांतील सर्वांत मोठी कंपनीहि पाठीशीं होती. म्हणजे इंग्लंडांतल्या पोरांस जें मिळत नव्हतें तें सर्व येथें होतें. नव्हता तो तिसरा मनुष्य. आमची नभोवाणी त्या वेळीं सर्वस्वी सरकारी होती, हें कारण पुरेसें नाहीं, बी. बी. सी. हीहि सार्वजनिक संस्थाच. अंतर एवढेंच कीं, तिनें रात्रींचे कांहीं तास एका मनुष्याच्या लहरीवर सोडून दिले होते. आमच्याकडे कॅसेटींचा पूर ह्याच दशकांत आला, आणि त्यानें भक्तिगीतें व लोकगीतें घरोघर पोहोंचविलीं, हें त्याचें मोठेंच कार्य होय. पण शास्त्रीय संगीताच्या रसिकास ह्या तबकडींत यंत्राचा ठेका ऐकूं आला असेल, आणि नाचणाऱ्यास राग. दोघांनाहि ती आपली वाटली नसावी. चौथ्या खेपेपर्यंत ती त्यांच्या कानीं घालणारा कोणी निघाला नाहीं.

हें एकच उदाहरण नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं गीता साराभाई ह्यांच्या पुढाकारानें व डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्यानें मूगचा सिंथेसायझर बसविण्यांत आला होता. तेथें भारतीय रचनाकारांनीं तीन-चार वर्षें प्रयोग केले. त्यांच्या टेपा संस्थेच्या संग्रहांत तशाच पडून राहिल्या. पॉल पर्गस ह्या ब्रिटिश संगीतकाराच्या दृष्टीस त्या २०१७ सालीं पडल्या, आणि २०२३ सालीं त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. तोंपर्यंत जवळजवळ अर्धें शतक लोटलें होतें.

चरणजित सिंग ह्यांच्या नशिबानें त्यांचा समानधर्मा त्यांच्या हयातींतच भेटला. एडो बाऊमन हा ॲमस्टरडॅमचा संग्राहक जुन्या हिंदी तबकड्या हुडकीत हिंडत असतां २००२ सालीं दिल्लीच्या एका दुकानांत ही तबकडी त्याच्या हातीं लागली. त्यानें आपल्या लहानशा 'बॉम्बे कनेक्शन' संस्थेकडून ती २०१० सालीं पुन्हां काढली. युरोपांतील जाणत्यांस ती इतकी काळाच्या पुढची वाटली कीं, ही कोणातरी आधुनिकानें केलेली लबाडी असावी, असा संशय कित्येकांनीं घेतला. मग वयाच्या सत्तरीनंतर चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर उभे राहिले, आणि नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांनीं त्यांचे राग नाचत ऐकले. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. अठ्ठावीस वर्षांनीं कां होईना, न्याय मिळाला, असें म्हणून आपण समाधान मानूं शकतों. परंतु त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनीं ह्या वाटेनें पुढें काय केलें असतें, आणि त्यांचें ऐकून इतर कोणीं काय केलें असतें, तें परत येत नाहीं. संगीतांत एका रचनेचें अपत्य दुसरी रचना असते. ऐकणारा न मिळाल्यानें एक तबकडी बुडत नाहीं, तिचा वंश बुडतो.

आपल्या परंपरेंत संगीताचे राखणदार व वाटेकरी, दोन्ही झालेले आहेत. घराण्याची चीज बाहेर जाऊं नये म्हणून जपणारे उस्ताद होते, आणि गांवोगांव हिंडून, आर्जवें करून, त्याच चिजा जमवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या रूपानें सर्वांपुढें ठेवणारे भातखंडेहि होते. भातखंडे ह्यांच्या स्वरलेखनाविषयीं कितीहि मतभेद असोत, त्यांनीं ज्या चिजा वांटल्या त्या वांचल्या, हें कोणीहि नाकारणार नाहीं.

आज परिस्थिति पालटली आहे. २००८ पासून स्पॉटिफायसारख्या व्यवस्था निघाल्या; ती २०१९ सालीं भारतांतहि आली. जगांतील बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत हातांतल्या फोनवर उपलब्ध झालें आहे, आणि अनोळखी रचना सुचविण्याचें कामहि आतां गणित करणारें यंत्र करतें. आपण काय ऐकलें, आपल्यासारख्यांनीं त्याबरोबर आणखी काय ऐकलें, ह्याचा हिशेब मांडून तें पुढचें गाणें देतें. ह्या यंत्रास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्यानें अनेकांस अनेक चांगल्या गोष्टी ऐकविल्या आहेत. परंतु त्याचा स्वभाव ओळखून असावें. श्रोत्यानें गाणें अर्ध्यावर सोडलें कीं यंत्र तें नापसंतीच्या खातीं लिहितें. शिकागोच्या त्या रात्रीं पहिल्याच खेपेस लोक उठून गेल्यावर अशा यंत्रानें ती टेप पुन्हां लावली असती काय? हार्डीनें लावली, कारण लोकांस अजून आवडलेलें नाहीं हें जसें त्यास दिसत होतें, तसें तें आवडण्याजोगें आहे हेंहि त्यास कळत होतें. पहिली गोष्ट मोजतां येते. दुसरीस स्वतःचा कान आणि थोडें धैर्य लागतें.

उपलब्ध असणें आणि ऐकलें जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चरणजित सिंगांची तबकडीहि एके काळीं दुकानांत उपलब्धच होती. आज पुण्यांत, नाशकांत, पणजींत कित्येक घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी कानांवर यंत्र लावून रात्रीं उशिरांपर्यंत संगणकावर कांहीं जुळवीत बसलेली असते, आणि आईबाप तिकडे काळजीनें पाहत असतात. तें सर्वच मोलाचें असेल असें नाहीं, बहुतेक नसेलहि. परंतु त्यांतलें मोलाचें कोणतें हें ठरण्यापूर्वीं तें कोणीतरी लक्ष देऊन, एकदां नव्हे तर पुन्हां पुन्हां, ऐकलें पाहिजे. आवडल्यास त्याची किंमत द्यावी, रचणाऱ्याचें नांव लक्षांत ठेवावें, आणि ज्यास रुचेल असें वाटतें अशा एका तरी मनुष्यास, तें कां आवडलें हें सांगून, तें ऐकवावें. ह्याला द्रव्य लागत नाहीं, अधिकार लागत नाहीं, संगीताचें शिक्षणहि लागत नाहीं. एवढें काम सुशिक्षित गृहस्थाच्या घरीं सहज होण्याजोगें आहे. आणि तें जेथें झालें नाहीं तेथें काय गमावलें गेलें, हें मुंबईच्या त्या दहा रागांच्या कथेनें आपणांस सांगितलेंच आहे.